डोळ्याखालचा भोवरा

साखर कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोड संपली, की आठ-दहा दिवसांत आमचा रस्ता भरून जातो. कड्याकडून, माजलगावकडून, कुठून कुठून टायरच्या बैलगाड्या गावाकडं वळतात. गाडीवर उलटी बांधलेली बाज, पत्र्याची पेटी, टोपलीखाली कोंबड्या, सगळ्यावर बसलेली एखादी म्हातारी आणि गाडीखालच्या सावलीत चालणारं कुत्रं. सहा महिने कुलपात असलेली घरं उघडतात. लिंबाचा मोहोर गळायला लागलेला असतो. त्याचा कडसर गोड वास धुळीत मिसळतो आणि घशाशी बसतो. मग भिंतींवर भैरोबाच्या यात्रेची पत्रकं लागतात. कुस्त्या, तमाशा, बैलांच्या शर्यती आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात घोड्यांची शर्यत. त्या शेवटच्या ओळीशी मी दरवर्षी थांबतो. नऊ वर्षं झाली.

हे दिवस माझ्या धंद्याचे. मी जनावरांचा व्यापारी आहे. ऊसतोडीहून परतलेला बैल दमलेला असतो, त्याचा मालक त्याहून दमलेला असतो, आणि दमलेला माणूस भाव करत नाही. हे मला विसाव्या वर्षीच कळलं. माझ्या बापाला गावात नाव नव्हतं. लोक त्याला ‘ए’ म्हणून हाक मारायचे आणि तो ‘जी’ म्हणायचा. मी दोन शेळ्यांवर सुरुवात केली. आज बाजारात मी एखाद्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला तर चार माणसं थांबतात, आण्णा काय म्हणतो ते ऐकायला. हे मला कोणी दिलेलं नाही. म्हणूनच ते हातातून सुटू नये यासाठी मी काय काय केलं, ते आता सांगून टाकायला हरकत नाही.

आमच्याकडं घोडा घेणारा माणूस आधी पाय बघत नाही, दातही बघत नाही. आधी भोवरे बघतो. अंगावरचे केस जिथं गोल फिरतात ती जागा. गळ्यावर भोवरा असला तर देवमण, घर भरतं. डोळ्याच्या खाली, आसवं ओघळतात त्या वाटेवर भोवरा असला तर आसूढाळ. अशी घोडी ज्या दारात बांधली जाते त्या दारात रडणं येतं म्हणतात. मी यातलं काहीच मानत नव्हतो. न मानणाऱ्याला मानणाऱ्यांशी सौदा करणं फार सोपं जातं.

ती घोडी मी पहिल्यांदा बघितली ती दिवाळीनंतरच्या बाजारात. मुनीरचाचा नावाचा एक म्हातारा व्यापारी पुण्याहून रेसची घोडी आणायचा. पाय गेला, वेग गेला, की तिथले मालक ती काढून टाकतात. मग ती इकडं लग्नाच्या वरातीला नाहीतर यात्रेतल्या शर्यतीला येतात. टेम्पोतून उतरवलेल्या पाच जनावरांत ही एकटी आवाजाला बुजत नव्हती. तांबडी, उंच, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. पुढच्या डाव्या पायाची शीर सुजलेली. ती बाजाराच्या गर्दीकडं अशी बघत होती, जणू एवढी माणसं आपल्यालाच बघायला जमली आहेत आणि यात नवीन काही नाही. तिचा तो ताठा मला आवडला. बिननावाच्या बापाच्या पोराला तसला ताठा पैसे मोजून आणावा लागतो.

आवडली म्हणूनच मी तिला नावं ठेवली. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. चाचा काही केल्या खाली येईना. रुमालाखाली आमचे हात होते. आमच्यात भाव तोंडानं सांगत नाहीत, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून सांगतात. मी दोन बोटं धरायचो, तो हात सोडवून घ्यायचा. तिसऱ्यांदा त्यानं हात सोडवला तेव्हा माझं डोकं फिरलं. भोवती पंधरा-वीस माणसं होती. मी रुमाल खांद्यावर टाकला, घोडीच्या तोंडाशी गेलो आणि तिच्या डाव्या डोळ्याजवळ अंगठा ठेवला.

तिच्या डोळ्याच्या रेषेत, बाहेरच्या कोपऱ्याशी एक स्वच्छ भोवरा होता. निर्दोष. पण गालावरची कातडी सैल असते. अंगठ्यानं जरा खाली ओढली की भोवरा दोन बोटं खाली सरकतो.

“बघा रे,” मी म्हणालो. “आसूढाळ हाय. चाचा आपल्याला रडणं इकाया आलाय.”

माणसं पुढं वाकली, बघून मागं सरली. कोणी अंगठा उचलायला सांगितलं नाही. आण्णाचा अंगठा होता तो. बाकीची गिऱ्हाइकं पांगल्यावर चाचानं स्वतःच रुमाल पुढं केला आणि मी धरलेली बोटं धरू दिली. दावं माझ्या हातात देताना तेवढा म्हणाला, “सेठ, तुमी जितले. पन जनावराला मुका समजू नका. त्याच्या तोंडावर बोललेलं त्याच्या तोंडावरच ऱ्हातं.”

मी हसलो. त्या दिवशी मी फार खूश होतो.

घरी सुमननं, माझ्या बायकोनं, तिच्या पायावर पाणी ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, “नाव काय हिचं?” चाचानं एक निळं पुस्तक दिलं होतं. रेसच्या घोड्याला असतं तसं. मी सातवीपर्यंत शिकलेला, सुमन दहावी झालेली. ओट्यावर बसून ती बोट ठेवून इंग्रजी वाचायला लागली. सायलेंट मॅग्नोलिया. बाप नॉर्थ ब्रिज, आयर्लंडहून आलेला. आई लेट जास्मिन. आईची आई गार्डन गेट. तिची आई, तिच्या आईची आई, पानभर नावं, एकीखाली एक, कौलांसारखी रचलेली. सुमन वाचायची थांबली आणि म्हणाली, “आवो, हिला पाच पिढ्यांच्या बायकांची नावं ठाव हायेत. मला माझ्या पणजीचं नाव म्हाईत न्हाई.” मग तिनं ते सगळं घोडीला पुन्हा वाचून दाखवलं, हळू, जणू तिच्या माहेरचा सांगावा आणलाय. गावानं दोन दिवसांत मॅग्नोलियाची मंगळा केली. सुमन मात्र एकटी असली की तिला पूर्ण नावानं हाक मारायची. चुकीचं म्हणायची, पण पूर्ण म्हणायची.

पुस्तकात आणखी एक पान होतं. घोड्याची छापील रेघांची आकृती, दोन्ही बाजूंनी आणि समोरून, आणि तिच्यावर शाईनं काढलेल्या बारीक फुल्या. सुमननं विचारलं, “ह्या फुल्या कसल्या वो?” मी बघितलं आणि मला लगेच कळलं. ते भोवरे होते. तिकडची माणसं भोवऱ्याला शुभ-अशुभ मानत नाहीत, पण एक घोडं दुसऱ्यापासून ओळखायला जागेसकट लिहून ठेवतात. डाव्या डोळ्याशी एक फुली होती. बरोबर डोळ्याच्या रेषेत, डॉक्टरच्या सहीसकट. माझा खोटेपणा छापील कागदावर, माझ्याच ओट्यावर, माझ्या बायकोच्या मांडीवर पडला होता.

“आसतील कसल्या डागाच्या,” मी म्हणालो आणि पुस्तक मिटून कपाटात टाकलं.

पुस्तकाच्या घडीत तिच्या शर्यतींचा एक कागदही होता. सात ओळी. पहिल्या वेळी ती मागून तिसरी आली होती. दुसऱ्या वेळी तिसरी. तिसऱ्या वेळी पहिली. सुमननं त्या ओळीसमोर कुंकवाचं बोट टेकवलं होतं, ते अजून आहे, आता विटकरी झालंय. मग दोनदा मधेच कुठंतरी. सहाव्या वेळी पुन्हा पहिली, पुन्हा कुंकू. सातव्या ओळीत आकडा नाही, एवढंच लिहिलंय की वळणावर पाय आखडला आणि स्वारानं थांबवलं. दोन मोसमांत सात वेळा धावून पाच वर्षांची घोडी संपली. मी तो कागद वाचतो तेव्हा मला तिचं धावणं दिसत नाही. तिला थांबवणारा हात दिसतो.

त्या हिवाळ्याचा वास मला अजून येतो. भिजवलेल्या हरभऱ्याचा, तिच्या पायाला लावलेल्या हळद-तेलाचा. कडब्याची पेंढी समोर टाकली की ती नाकानं फुंकर मारून मागं सरायची. असलं काही आपल्या घराण्यात कोणी खाल्लं नाही, असा भाव. सुमन हसून हसून खाली बसायची. पदराच्या टोकाला ती गुळाचा खडा बांधून ठेवायची. घोडी तिला हुंगत हुंगत गाठ शोधायची आणि ओठांनी सोडवायची. आमच्या घरात पोरबाळ नव्हतं. त्याबद्दल आम्ही बोलत नसू. त्या हिवाळ्यात त्याबद्दल न बोलणं हलकं झालं होतं.

सुमनचा धाकटा भाऊ दत्तू तेव्हा आमच्याकडंच राहायचा. काटकुळा, हाडांचा, पण घोड्यावर बसला की वेगळाच माणूस. नदीच्या कोरड्या पात्रात वाळूतून तो रोज तिला चालवायचा, आधी पायी, मग पाठीवर बसून. वाळूनं शीर बसली. माघात ती दुडकी धरायला लागली. दत्तू घरी येऊन सांगायचा, “दाजी, ही पळत न्हाई. ही धरून ठेवलेलं सोडती नुसतं.”

होळीच्या सुमाराला सुमनचं पोट दुखायला लागलं. आधी घरचे काढे, मग आष्टीचे डॉक्टर, त्यांनी नगरला जा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, यात्रा होऊ द्या. मी होऊ दिली. हेही माझ्याच खात्यावर धरा.

यात्रेच्या दिवशी दत्तू मंगळेवर बसला. पात्राच्या दोन्ही काठांवर माणसं, बाया, ऊसतोडीहून आलेली सगळी. सुमनला मी ट्रॉलीत गादी टाकून बसवलं होतं. दहा-बारा घोडी सुटली आणि थोडा वेळ नुसती धूळ दिसली. मग धुळीतून ती एकटी बाहेर आली. मी असं काही आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. पाय दिसत नव्हते. मान लांब, कान मागं, आणि तिच्या आणि बाकीच्यांच्या मधे एक मोकळी जागा, ती वाढतच चाललेली. शेवटच्या निशाणाशी ती पोचली, लोकांनी फेटे उडवले, आणि ती थांबली नाही. रेसकोर्सवर कठडा असतो, वळण असतं. आमच्या नदीला तसलं काही नव्हतं. संपलं कुठं हे तिला कळेना. ती तशीच वरच्या अंगाला पळत राहिली, लहान लहान होत, आणि वळणाआड गेली. पार डोहापाशी दत्तूला तिला आवरता आलं. पुस्तकातल्या कागदावर सात धावा आहेत. ही आठवी कुठं लिहिलेली नाही. पण डोळे मिटले की मला हीच दिसते, आणि हिच्यात ती अजून थांबलेली नसते.

परत येताना ट्रॉलीत शेजारच्या बाया होत्या. मी पुढं ट्रॅक्टरवर. इंजिनाच्या आवाजात त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

“पळती लई, पन आसूढाळ हाय म्हणं.”

“आण्णानं सोता बाजारात दाखवलं की. जाणून-बुजून आणली.”

“आन बघा की, आल्यापास्नं सुमनबाईचं दुखणं.”

संध्याकाळी मी घोडीला खरारा करत होतो तेव्हा सुमन भिंतीला धरून बाहेर आली. घोडीनं तिचा पदर हुंगला. गाठ नव्हती. सुमननं विचारलं, “खरं सांगा. तुमी बाजारात म्हणला ते खरं हाय का?”

एका शब्दाचं काम होतं. ‘खोटं’ म्हणायचं. पण दारात दत्तू उभा होता, कुंपणापलीकडं शर्यत जिंकली म्हणून आलेली माणसं उभी होती, आणि मी बाजारात खोटं बोलतो हे मी त्यांच्यादेखत कसं म्हणणार होतो. चुकलो म्हणालो तर नजर गेली. खोटं बोललो म्हणालो तर जबान गेली. माझ्याकडं या दोनच गोष्टी होत्या. मग मी तेच केलं जे मला सोपं जातं. मी चिडलो.

“दुखणं दवाखान्यात दाखवायचं आस्तं, घोडीत न्हाई,” मी म्हणालो. “गप जाऊन पड.”

ती गेली. खराऱ्याचे दात घोडीच्या अंगावर फिरत राहिले, तेवढाच आवाज होता.

माणसं गेल्यावर मी तिला आत जाऊन सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, चुलीपाशी, कोणी नसताना. नगरच्या दवाखान्यात आम्ही अठरा दिवस एकमेकांसमोर होतो. मी तिला मोसंबी सोलून दिली, तिचे पाय चेपले, डॉक्टरांशी भांडलो. सांगितलं मात्र नाही. आधी वाटायचं, विचारेल तेव्हा सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं म्हणून विचारेल. खोटं बसलेल्या बैलासारखं असतं; पहिल्या दिवशी उठवलं तर उठतं.

कपडे आणायला मी मधे एकदा गावी आलो. गोठ्यात खुंटा होता, दावं होतं, घोडी नव्हती. दत्तू तिला घेऊन परळीकडं, धर्मापुरीला गेला होता. तिथं त्याची सासुरवाडी. मला न विचारता माझी घोडी नेली. मी फोनवर त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणत होता, “दाजी, ऐका तरी. दाजी, ऐका तरी.” मी ऐकलं नाही. सुमन वैशाखात गेली. दत्तू धावत आला, आणि मी सगळ्या भावकीसमोर त्याला बहिणीच्या तिरडीला खांदा देऊ दिला नाही. तो मागून चालत आला, एकटा, गर्दीपासून अंतर ठेवून. कोणी मला अडवलं नाही. माझं दुःख मोठं आहे असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच्यावर राग धरून जगलो. राग फार कामाचा असतो. सकाळी उठवतो, जेवायला लावतो, बाजारात दोन पावलं पुढं ठेवतो. चोर तो, हे एकदा ठरलं की बाकीचा हिशेब मांडावाच लागत नाही. खुंटा मी उपटला नाही. त्याची चोरी मला रोज दिसली पाहिजे, असं मी म्हणायचो. पण चैत्र आला, पत्रकं लागली, की वेगळंच व्हायचं. बाजारात कोणतंही घोडं दिसलं की माझा अंगठा आपोआप त्याच्या डोळ्याशी जायचा आणि तिथली कातडी किती सरकते ते बघायचा. रस्त्यानं टापा वाजल्या की मी मोजायला लागायचो, थांबतायत का ते.

गेल्या गुरुवारी दत्तू बाजारात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत, अंग तेच काटकुळं. त्याच्या हातात दावं आणि दाव्याला चार वर्षांची शिंगी, तरणी घोडी. तांबडी. बाप कुठलातरी गावठी असावा, कारण उंची कमी होती. पण गर्दीकडं बघण्याची तऱ्हा मी ओळखली. मी चहाच्या टपरीआड उभा राहिलो.

माजलगावचा एक बँडवाला तिला बघत होता. वरातीला घोडी हवी होती त्याला. चाल बघितली, पाय बघितले, दात बघितले, खूश झाला. रुमाल निघाला. तेवढ्यात आमच्याच भागातला एक व्यापारी, रंगनाथ, मधे बोलला.

“मालक, नवरदेव बसवायचा हाय ना हिच्यावर? मग हिची आय इचारा आधी.”

“कोन हाय आय?”

“पुण्याची रेसची घोडी. आसूढाळ. आमच्या आण्णानं ह्याच बाजारात हात लावून दाखवलं हुतं. वर्साच्या आत आण्णाची बायको गेली. तिच्या पोटची हाय ही.”

बँडवाल्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

मला ते सुमनचं वाचणं आठवलं. लेट जास्मिन, गार्डन गेट, तिची आई, तिच्या आईची आई. गावठी बापाच्या पोरीला तसलं पुस्तक मिळत नाही. त्या पाच पिढ्यांमधलं या पोरीपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. ना नाव, ना पहिल्या आलेल्या दोन धावा. पोचला होता तो माझा एक शब्द. आणि तो खरा कशावरून, तर आण्णा म्हणाला म्हणून.

मी टपरीआडून बाहेर आलो. “खोटं हाय ते,” मी म्हणालो.

सगळे वळले. दत्तूही.

“तिच्या आयचा भोवरा डोळ्याच्या रेषेत हुता. मी कातडी वढून खाली दाखवला. भाव पाडाया. मी खोटं बोललो हुतो.”

नऊ वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. मग रंगनाथ हसला. बँडवालाही हसला, जरा अदबीनं.

“आण्णा,” रंगनाथ म्हणाला, “तुमी खोटं कवा बोलता ते आमाला ठाव हाय. रुमाल निघाला की.”

“आज माझा सौदा न्हाई, रं.”

“मेव्हण्याचा हाय की. नऊ वरीस तोंड बघितलं न्हाई त्याचं, आन आज त्याची घोडी आडली तर धावत आलात. रक्ताचं न्हाई तरी नातं हाय, आमी समजतो.”

“पुस्तक हाय घरी. डाक्टरची सही हाय.”

“आसंल की. तुमच्याकडं कसला कागद न्हाई, आण्णा?”

माणसं मोकळेपणानं हसली. त्यात वाईट हेतू नव्हता. उलट कौतुक होतं. म्हातारा अजून धंद्यात आहे म्हणून. मी रंगनाथची गचांडी धरायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. कशासाठी धरणार? माझ्याकडून शिकलाय तो सगळं.

दत्तू शिंगीला घेऊन लिंबाखाली गेला. मी मागं गेलो. खाली मोहोराचा सडा पडला होता, तिच्या खुरांखाली तो दाबला जात होता.

“ती?” मी विचारलं.

“दोन वरीस झाली. पोटात कळ आली, बसली ती उठली न्हाई.” मग तो म्हणाला, “दाजी, तुमी आत्ता बोलला ते खरं का?”

“खरं.”

“मग ताईला कावून न्हाई सांगितलं?”

मी म्हणालो, “ही मला दे. पुस्तक हिच्या आयचं माझ्याकडं हाय. तू म्हणशील त्या भावाला. भाव करत न्हाई.”

“न्हाई देता येत.” त्यानं दावं हाताला गुंडाळलं. “ताईनं शपथ घातलीय. नगरला मी तिला भेटाया आलतो, तुमी खाली औषध आणाया गेलता. ती म्हणली, दत्तू, मंगळेला घेऊन जा. लई लांब ने. मी म्हणलं, ताई, दाजी मारतील मला. तर म्हणली, मारू दे. माझं काय व्हायचं ते झालंच हाय. पन मी गेल्याव ती दारात ऱ्हायली तर म्होरचं रडणं त्यांच्यावर यायचं, आन त्यांना रडता येत न्हाई. तिचं दावं पुन्यांदा त्यांच्या खुंट्याला पडू देऊ नको, तिचं न्हाई आन तिच्या पोटच्याचं न्हाई. आन त्यांना सांगू नको, चिडतील.” दत्तू माझ्याकडं बघत नव्हता. “जाताना तिनं पदर सोडून गूळ दिला माझ्याकडं. घोडीला दे म्हणली.”

बाजारात कोणीतरी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजवून दाखवत होतं. मी लिंबाच्या खोडाला टेकलो.

“ते खोटं हुतं, दत्तू,” मी परत म्हणालो. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं.

“आसंल. तिच्यासाठी खरं हुतं.” मग त्यानं शिंगीचं तोंड माझ्याकडं वळवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तोच मला सहन होईना. “हिचाबी भोवरा तिथंच हाय, आयसारखा. बघा लावून हात. खोटं हाय म्हणताय तर लावा की.”

होता. डावा डोळा, बाहेरचा कोपरा, बरोबर रेषेत. मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे. हजारो जनावरांच्या तोंडात मी हात घातलाय. आणि माझा हात पुढं जाईना. शिंगी शांत उभी होती. मग तिनंच नाक पुढं केलं, माझा सदरा हुंगला, खिसा हुंगला, काही नाही असं बघून मान वळवली, आणि तिचा गाल माझ्या हाताशी आला. मी अंगठा टेकवला. ओढला नाही. नुसता टेकवला.

ओला झाला.

चैत्रात धूळ असते. माशा असतात. सगळ्याच जनावरांचे डोळे गळतात या दिवसांत, हे मला माहीत आहे, आणि बाजारातल्या कोणालाही विचारलं तर तो तेच सांगेल. दत्तू शिंगीला घेऊन टेम्पोकडं गेला. मी घरी येऊन कपाटातलं पुस्तक काढलं, ती फुली बघितली, डोळ्याच्या रेषेत आहे, स्वच्छ आहे. गोठ्यातला खुंटा अजून तसाच आहे. चार दिवस झाले. हा अंगठा मी अजून कशाला पुसलेला नाही.